गाण्यांचा महागडा डबा घेताय? या चुका टाळा

गेल्या जुलैत तीन दिवस संततधार लागली होती. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घराची कौलं दोन ठिकाणी गळायला लागली, म्हणून कपाट हलवायला घेतलं आणि मागच्या फळीवरचा एक डबा हाताला लागला. चार सीडींचा गाण्यांचा संच, जाड पुठ्ठ्याचा, वर सोनेरी अक्षरं. नव्वदच्या दशकातला माल. मी तो सेकंडहँड घेतला होता, तोही एका दिवाळीच्या बोनसमधून. उघडला तर आतल्या फोमच्या चकत्या विरघळून सीडींना चिकटलेल्या. काकवी सांडून तशीच वाळावी तशी. पुस्तिकेची पानं एकमेकांना धरून बसलेली आणि वास भिजलेल्या पोत्याचा.

तिथंच खाली बसून हिशेब केला. एवढ्या वर्षांत हा डबा ऐकला किती वेळा? एकदा पूर्ण आणि एकदा अर्धा. त्यातली निम्मी गाणी तर सुट्या कॅसेटींवर आधीपासून होती. बायको बादली ठेवता ठेवता म्हणाली, "तेवढ्या पैशात तेव्हा कौलं बदलून झाली असती की."

खोटं नव्हतं. पण डबे घ्यायचे सोडलेत असंही नाही. त्यानंतर एक घेतला, दोन घ्यायचे टाळले, आणि मित्रांनी घेतलेले चार-पाच जवळून पाहिले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं गाण्याचं वेड कमी नाही. एका कानानं धारवाड आकाशवाणी आणि दुसऱ्यानं सांगली ऐकत वाढलेली माणसं आम्ही. हातात पैसा आला की "सगळं एकत्र, एका डब्यात" या शब्दांना भुलतो. ज्या चुका होतात त्या बहुतेक घेण्याआधीच्या अर्ध्या तासात होतात.

सीडी मोजू नका, मिनिटं मोजा

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: "१० सीडी". आपण मनात दहानं भागतो आणि स्वस्त पडलं म्हणून खूश होतो. हा भागाकार चुकीचा आहे.

समजा डबा १२,००० रुपयांचा आहे आणि त्यातले सहा अल्बम तुमच्या कपाटात आधीच आहेत. उरल्या चार सीडी. एका सीडीवर ८० मिनिटांपर्यंत गाणं मावतं, पण यादीतल्या वेळा मांडून बेरीज केलीत तर प्रत्येकीवर पंचेचाळीसच मिनिटं भरलेली निघतात. म्हणजे तुमच्यासाठी नवीन गाणं तीन तासांचं, तासाला ४,००० रुपये. त्यातला एक तास त्याच गाण्यांच्या वाद्यांविना आवृत्त्या किंवा अर्धवट तालमी असल्या, तर भाव तासाला ६,००० वर गेला. हा आकडा कागदावर लिहून एकदा मोठ्यानं वाचावा. माझे दोन डबे तिथंच टळले.

उलटही होतं. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडनं २०१५ साली ८० सीडींचा संच काढला. तीस वर्षांतले, तोवर न निघालेले तीस पूर्ण कार्यक्रम, ६,५०० प्रती, किंमत ७०० डॉलर. आकडा ऐकून कुणालाही घेरी येईल. पण आत सुमारे ७३ तासांचं गाणं होतं आणि आधी कुठल्याही अल्बमवर नसलेलं. तासाला दहा डॉलरही पडत नाहीत. त्या बँडच्या वेड्याला हा डबा स्वस्तच म्हणायचा. त्याच वर्षी गायक बॉब डिलनच्या १९६५-६६ मधल्या स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणांचा १८ सीडींचा संच निघाला, ५,००० प्रतींचा, सुमारे ६०० डॉलरचा. त्यात एकाच गाण्याचे कितीतरी टेक आहेत, म्हणजे तेच गाणं पुन्हा पुन्हा मुद्रित केलेलं. याच मालातून सहा सीडींची आणि दोन सीडींचीही आवृत्ती निघाली होती. बहुतेकांनी सहाची घ्यावी आणि गप्प बसावं असं माझं मत.

इथं एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनं बोलायला हवी. तेच गाणं पंधरा वेळा कोण ऐकतो, असं म्हणणारा माणूस आमच्याकडं कमीच भेटेल. एकाच गवयाचा एकच राग तीन वेगवेगळ्या वर्षांचा ऐकून "या वर्षी धैवत जरा निराळा लागलाय" असं सांगणारे लोक आमच्या कट्ट्यावर आहेत. त्यांना टेक ही भानगड समजावून सांगावी लागत नाही. तुम्ही त्यांतले असाल तर १८ सीडींचा डबा तुमच्यासाठी आहे. नसाल तर तो नुसता शेजाऱ्याला दाखवायला होतो.

गोट्यांचे पैसे

पिंक फ्लॉइड या बँडच्या सर्वांत गाजलेल्या अल्बमचा २०११ साली एक मोठा संच आला. सहा डिस्क, आणि त्यांच्या जोडीला एक मफलर, कपाखाली ठेवायच्या चकत्या आणि काचेच्या गोट्या. होय, गोट्या. आम्ही गल्लीत ज्या खेळून हरलो त्याच. त्याच वर्षी यू टू या बँडच्या एका अल्बमच्या वीस वर्षांनिमित्त निघालेल्या सगळ्यांत मोठ्या संचात काळा चष्मा होता.

कुणाला हे आवडत असेल तर आवडू दे. मला त्या मफलरचा हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही. पण हिशेब करताना डब्यातलं जे ऐकता येत नाही ते बाजूला काढून ठेवा. फोटोंचं पुस्तक, पोस्टर, तिकिटाची नक्कल हे सगळं वजनाला पुष्कळ आणि एकदा बघून झालं की संपलं. अपवाद एकच, तो म्हणजे नीट लिहिलेली पुस्तिका. तिच्याबद्दल पुढं.

"मर्यादित आवृत्ती" वाचून घाई करू नका

निपाणीचा माझा एक मित्र तंबाखूच्या व्यवसायात आहे. भाव चढेपर्यंत माल धरून ठेवायचा की लगेच काढायचा, हे त्याला रक्तातच कळतं. पण "फक्त ५,००० प्रती" असं वाचलं की त्याच माणसाचा हात थरथरतो. रात्री साडेअकराला फोन: "अण्णा, संपतोय बघ. घेऊ काय?" मी म्हटलं, "आत काय आहे ते वाचलास काय?" तर म्हणे, "ते नंतर बघू की." घेतला. दीड वर्ष झालं, वरचं प्लास्टिक अजून तसंच आहे, कारण उघडला तर किंमत जाईल म्हणतो. तंबाखूचं पोतं असं ठेवलं असतं काय?

घाईचं उत्तर एका गायकानंच देऊन ठेवलंय. २०११ साली एल्विस कॉस्टेलोच्या एका कार्यक्रमाचा डबा निघाला. त्याची किंमत बघून खुद्द कॉस्टेलोनंच आपल्या संकेतस्थळावर चाहत्यांना सांगितलं की हा घेऊ नका, किंमत छापण्यात चूक झालीय की कुणी चेष्टा केलीय असं वाटतंय. यातला माल पुढल्या वर्षी सुटा आणि स्वस्त मिळेल हेही त्यानंच सांगितलं. वर सुचवलं की एवढेच पैसे घालायचे असतील तर जाझ गायक-वादक लुई आर्मस्ट्राँगचा दहा सीडींचा संच घ्या, तो यापेक्षा स्वस्तही आहे आणि त्यात गाणंही कितीतरी मोठ्या माणसाचं आहे. स्वतःच्याच दुकानासमोर उभं राहून गिऱ्हाईक परत पाठवणारा असा कलावंत विरळा.

सुटा माल मागाहून येतो हे काही अपवादानं घडत नाही. पिंक फ्लॉइडच्या १९६५ ते १९७२ या सुरुवातीच्या वर्षांचा २७ डिस्कचा संच २०१६ च्या नोव्हेंबरात आला. २०१७ च्या मार्चमध्ये त्याच संचातले खंड सुटे विकायला आले. फक्त शेवटचा, जास्तीचा खंड तेवढा डब्यापुरता ठेवला. ज्याला एकच वर्ष हवं होतं त्यानं चार महिने कळ काढली असती तर काम भागलं असतं. पण तो जास्तीचा खंडच ज्याला हवा होता, त्याला अख्खा डबा घेण्यावाचून इलाज नव्हता. ही त्या धंद्याची खोच आहे. तिच्यावर चिडण्यापेक्षा ती ओळखलेली बरी.

घेतलेला डबा सीलबंद ठेवून पुढं विकू, हा विचार तर सरळ सोडून द्या. एखाद्याचा भाव चढतो, बाकीचे पडून राहतात, आणि बेळगावात बसून परदेशातलं गिऱ्हाईक शोधून सहा किलोचा डबा कोपरे न दबता पाठवणं हा वेगळाच उद्योग आहे.

घरच्या यंत्रावर वाजणार आहे का?

सगळ्यात जास्त वैताग या जागी होतो, म्हणून जरा सावकाश.

संचात सीडींबरोबर डीव्हीडी असेल तर मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोलाचं छोटं चिन्ह आणि त्यात आकडा शोधा. डीव्हीडीच्या जगात भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या आणि युरोप दुसऱ्या. नुसता १ लिहिलेली डीव्हीडी आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर "चुकीचा विभाग" म्हणून परत येते. गाण्याच्या बऱ्याच डीव्हीडी सगळ्या विभागांसाठी खुल्या असतात, पण गृहीत धरू नका. ब्ल्यू-रेचं गणित वेगळं आहे. तिथं आकड्यांऐवजी अक्षरं, आणि आपण सी गटात. अमेरिका ए, युरोप बी.

दुसरं, महाग संचातला मोठा भाव बहुधा ब्ल्यू-रेवरच्या ५.१ मिक्सचा असतो. म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. तुमच्या हॉलमध्ये दोन स्पीकर आणि टीव्हीखाली एक साउंडबार असेल, तर ज्या गोष्टीसाठी तुम्ही निम्मे पैसे मोजलेत ती तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही. आमच्या ओळखीच्या एका सरांनी पाच स्पीकर घ्यायचे म्हणून आधी डबा घेतला. स्पीकर अजून यायचेत. मुलीचं लग्न मध्ये आलं.

एसएसीडी (सीडीचाच जास्त बारकाईचा प्रकार) असेल तर ती "हायब्रिड" आहे का बघा. हायब्रिड असली तर वरच्या थराचा लाभ नसला तरी साध्या सीडी प्लेअरवर वाजते तरी. नसेल तर खास यंत्र लागतं. डीव्हीडी-ऑडिओचंही तेच.

आणि एलपी. हल्ली बरेच डबे एलपीत येतात आणि "१८० ग्रॅम" हे शब्द असे छापतात जणू हॉलमार्कच आहे. वजनदार तबकडी सहज वाकत नाही, हाताला बरी लागते, इतपत ठीक. आवाज चांगला येतो तो मूळ ध्वनिमुद्रण, कटिंग आणि छपाई नीट असली तर. नुसत्या वजनानं येत नाही. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं. दहा एलपी म्हणजे सात तासांच्या आसपास, आणि वीस वेळा उठून बाजू पालटायची. हे तुम्हाला आवडतं का, याचं उत्तर विकत घेण्याआधी द्या. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त टर्नटेबल चार-पाच ग्रॅमचा दाब सुईवर टाकतात. चांगल्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) दोन ग्रॅमच्या आत-बाहेर पुरतो. पाच हजाराच्या यंत्रावर पंधरा हजाराचा संच वाजवणं म्हणजे कांजीवरम दगडावर आपटून धुणं.

परदेशातून मागवताना

पार्सल निघाल्यावर कुरियरवाल्यांचा फोन येतो: आधार पाठवा, पॅन पाठवा, ड्युटी भरा. पहिल्या वेळी मला ही फसवणूकच वाटली होती, ओटीपी द्यायचा नाही म्हणून मी फोनच ठेवला, आणि पार्सल आठवडाभर अडकून पडलं. ओळखपत्र मागणं नेमाचं आहे. मात्र आलेल्या लिंकवर डोळे झाकून पैसे भरू नका, पार्सलचा नंबर स्वतः कुरियरच्या साइटवर घालून बघा.

चूक होते ती हिशेबात. ड्युटी नुसत्या डब्याच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमाही त्यात धरतात. मग ड्युटीसकट जी रक्कम होते तिच्यावर आयजीएसटी. एलपीचा संच जड असतो, त्यामुळं वाहतूकच आधी तगडी, आणि त्या तगड्या आकड्यावर पुन्हा कर. दर बदलत राहतात, म्हणून मागवायच्या दिवशीचा दर बघून पूर्ण रक्कम काढावी आणि तासाचा भाव त्या रकमेवर मोजावा. "पुण्याचा भाचा येताना आणेल", "बेंगळुरूहून कुणीतरी येईल" हा आमच्या भागातला जुना मार्ग देशातल्या देशात झकास आहे. बसच्या टपावर मात्र डबा टाकू देऊ नका. एकाचा संच खानापूरच्या रस्त्यानं आला तेव्हा चौकोनी राहिला नव्हता.

आपल्या गाण्यांचे डबे: तारीख कुठाय?

आता मूळ दुखण्याकडं येतो. परदेशी डब्यांवर एवढं बोललो, पण आपल्याकडचे शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि भावगीतांचे संच घेताना होणारी चूक वेगळीच असते. आपण नाव बघतो आणि घेतो. कुठल्या सालचं, कुठल्या मैफलीचं, तबल्यावर कोण, काही बघत नाही.

गंगूबाई हनगलांचंच घ्या. ऐन उमेदीत घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज बदलला. आधीच्या तबकड्यांत पातळ, उंच आवाज आहे. नंतरचा तो जड, खर्जात घुमणारा, सगळ्या जगाला ठाऊक असलेला. साल न छापलेल्या संचात दोन्ही एकापाठोपाठ लागले तर नव्या ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या बायका वाटतात. कुमार गंधर्वांचंही तसंच. आमच्या बेळगाव तालुक्यातल्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच तबकड्यांवर गायला लागला. मग क्षयानं गाठलं, १९४८ साली ते देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद. त्यानंतरचं गाणं श्वासानं आणि विचारानंही निराळं. हा बदल ज्या संचाच्या पुस्तिकेत दिसत नाही, त्यात गाणी आहेत पण माणूस नाही.

गीतरामायणाचा आमच्या काकांचा संच अजून घरात आहे, दहा कॅसेटींचा, लाकडी पेटीत. काकांना आयुष्यभर एक रुखरुख होती. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी ही छप्पन गाणी लागली, तेव्हा ती वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, वसंतराव देशपांडे. काकांना तेच आवाज हवे होते. बाजारातल्या संचात सगळी गाणी सुधीर फडक्यांच्या आवाजात. फडके कुणाला नको असतील? पण काकांनी घेताना विचारलं नाही, दुकानदारानं सांगितलं नाही. तेव्हा पाठ उलटून वाचायची सवयच नव्हती. "संपूर्ण" या शब्दाचा अर्थ गाणी संपूर्ण, आवृत्त्या नव्हेत.

७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरून काढलेल्या संचांत आणखी एक गोम असते: वेग. त्या तबकड्यांवर ७८ छापलेलं असलं तरी प्रत्यक्ष मुद्रणाचा वेग मागं-पुढं असायचा. सीडी करताना तो नीट जुळवला नाही तर सूर सरकतो. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की अख्खा अर्धा स्वर वर किंवा खाली. एखादा गायक नेहमी पेटीच्या काळी दोन पट्टीत गातो हे तुम्हाला माहीत आहे, आणि या संचात तो सफेद तीनमध्ये लागलाय, आवाजही जरा चिरका झालाय, तर शंका घ्या. मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अॅप लावून दोन मिनिटांत तपासता येतं. वेग बदलणारं साधं सॉफ्टवेअर वापरून स्वतःपुरतं दुरुस्तही करता येतं. कॅसेटवर हीच तक्रार असेल तर आधी यंत्राचा पट्टा बघा. खडेबाजारात माझा टेप उघडून मिस्त्री म्हणाला होता, "सर, गाणं बरोबर हाय, तुमचा बेल्ट म्हातारा झालाय की ओ." मी मात्र महिनाभर कंपनीला शिव्या घालत होतो.

"आवाज स्वच्छ केला आहे" या ओळीपासूनही सावध. खरखर काढता काढता तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमणारा झणकार, निघून जाते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. शक्य असेल तिथं संचातला एखादा तुकडा इंटरनेटवर हेडफोन लावून ऐका आणि दोन तानांच्या मधली शांतता ऐका. तिथं तानपुरा जिवंत असला तर घ्यावा. मला स्वतःला थोडी खरखर चालते.

उलट बाजूची चूकही सांगतो, कारण ती अलीकडं जास्त होतेय. "सगळं मोबाइलवर फुकट आहे, डबा कशाला?" चित्रपटगीतांबाबत हे बऱ्याच अंशी पटण्यासारखं आहे. २०१७ साली पाच हजार गाणी आत भरलेलं सारेगामाचं कारवाँ हे रेडिओसारखं यंत्र आलं आणि घरोघरी आजोबांना भेट गेलं, ते काही डिस्कच्या मोहानं नव्हे. बटण दाबलं की गाणं लागावं एवढ्यासाठी. पण शास्त्रीय गाणं अॅपवर शोधून बघा. "राग यमन, विलंबित". बस. कुठल्या सालची मैफल, साथीला कोण, बंदिश कुणाची, काही नाही. कधी कधी रागाचं नावही चुकलेलं. चांगल्या संचाची तीस पानांची पुस्तिका हे सगळं सांगते, आणि ती माहिती दुसरीकडं कुठंच मिळत नाही. माझ्या मते डब्याचे पैसे कुठं वसूल होत असतील तर ते इथं. विखुरलेल्या जुन्या तबकड्या कुणीतरी वर्षानुवर्षं धुंडाळून, वेग जुळवून, तारखा लावून एकत्र केल्या असतील, तर तासाचा भाव विसरून घ्यावा.

डब्याची गरजच नसेल तर सुट्या सीडीही आहेत. आकाशवाणीच्या संग्रहातल्या मैफली २००३ पासून सीडीवर येऊ लागल्या. जो कलाकार हवा तेवढाच घ्या.

आल्या दिवशीच उघडा

डबा आला की हार घालून कपाटात ठेवण्याची पद्धत सोडा. परत करायची मुदत आठ-दहा दिवसांची असते आणि सातवी सीडी सदोष आहे हे सात महिन्यांनी कळून उपयोग नसतो. उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. डिस्क मोजा, दोन नंबरची दोनदा आणि तीनची एकदाही नाही, असं होतं. मग प्रत्येक सीडीचं शेवटचं गाणं वाजवा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळं कडेचा दोष शेवटच्या गाण्यात सापडतो.

सेकंडहँड घेताना सीडी उजेडात धरा. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न इथल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास काढलेल्या बऱ्याच सीडींना तांबूस रंग चढतो आणि त्या हळूहळू निकामी होतात. वरचं लाख नीट टिकलं नाही आणि पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकानं आतला चांदीचा थर खाल्ला. कडेकडेनं कॉफी सांडल्यासारखा रंग दिसला की पैसे खिशातच ठेवा.

पुठ्ठ्याच्या घट्ट कप्प्यांत सीडी ठेवल्या-काढल्या की ओरखडे येतात. पातळ प्लास्टिकच्या बाह्या घ्या, त्यांत सीडी घालून मग कप्प्यात. किंवा सरळ सगळ्या सीडी वेगळ्या साध्या डब्यांत ठेवा आणि भपक्याचा डबा शोभेला.

आणि पावसाळा

जून ते सप्टेंबर आमच्याकडं भिंतींना घाम येतो. जांबोटी, कणकुंबीकडं तर विचारूच नका, तिथं चपलांवरही बुरशी येते. डबा कधीच बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीलगतच्या फळीवर ठेवू नका. एलपी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आतली पीव्हीसीची बाही असेल तर काढून टाका, ती तबकडीवर धुरकट डाग पाडते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यानं बदला. पाऊस उघडला की दसऱ्याच्या साफसफाईत सगळे डबे सावलीत तासभर उघडून ठेवा, उन्हात नव्हे.

जुन्या संचात फोम दिसला की आजच काढून फेका. तो दिसायला मऊ असतो, पण दहा-वीस वर्षांत चिकट होतो. चिकटलाच असेल तर ओढू नका. सीडीवरची माहिती चकचकीत बाजूला असते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती लेबलच्या लगेच खाली असते, वर फक्त पातळ लाख. फोमबरोबर लाख निघालं की गाणंही निघालं.

हे मला त्या जुलैत माहीत नव्हतं. पहिल्या सीडीचा फोम मी नखानं ओढला आणि नखाएवढं भोक पडलं. उजेडात धरली तर पलीकडची बादली दिसत होती. उरलेल्या तिन्ही मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, बोटाच्या पेरानं हळूहळू सोडवल्या. मधून बाहेर पुसल्या, गोल गोल नाही. तिन्ही वाजतात. पहिलीवरची पाच गाणी नीट आहेत, सहाव्यात मध्येच टकटक होते आणि पुढं शांतता.

पुस्तिकेची पानं फ्रीजमध्ये ठेवून एकेक सोडवली, अर्धी वाचता येतात. डबा आता खानापूरच्या मित्राकडं आहे. त्याच्याकडं यातलं एकही गाणं नव्हतं, रोज संध्याकाळी एक सीडी ऐकतो म्हणे. परवा फोन आला होता. "सहावं गाणं पुढं कसं आहे रे?" मी त्याला फोनवर गाऊन दाखवलं.